माफीचे शुक्रवार

"घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा पिक्चर आहे," असं कुणी म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. लोकांना वाटतं, मी धर्मावरून चिडते. धर्माशी माझं काही वाकडं नाही, येशूशीही नाही आणि आमच्या देवांशीही नाही. माझा राग आहे तो पडद्यासमोर बसून डोळे पुसणाऱ्या बायकांवर, आणि त्यांत माझी आई पहिल्या रांगेत होती.

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतला उधन्यात राहायचो. आप्पा कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारागीर होते. गल्लीत निम्म्याहून जास्त घरं खानदेशातली. घरात अहिराणी, दुकानात गुजराती, शाळेत मराठी आणि भांडण हिंदीत, अशी आमची व्यवस्था होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोका खेळतात, आमरस खातात आणि सण झाला की सासरी परत जातात, ही गावाकडची रीत तिथेही चालू होती. झोका झाडाऐवजी जिन्याखालच्या लोखंडी अँगलला बांधायचा, एवढाच फरक. त्या वर्षी आप्पा स्वतः मुराळी होऊन माझ्या मोठ्या बहिणीला आणायला इच्छापोरला गेले. तिचा नवरा तिकडे एका ठेकेदाराकडे कामाला होता.

ताई आली, पण झोक्यावर बसली नाही. संध्याकाळी मोरीत आईने तिची पाठ पाहिली. पट्ट्याचे वळ होते, जुन्यांवर नवे. आईने हळद-तेल लावलं आणि पोलकं खाली ओढलं. सण संपल्यावर बाकीच्या लेकी पिशव्या भरायला लागल्या, तेव्हा ताई चुलीपाशी बसून म्हणाली, "आते माले जानं नही." आप्पा म्हणाले, बघू. आमच्याकडे बघू म्हणजे नाही. पण निदान त्यांनी तिला त्या आठवड्यात तरी घालवली नाही. तिने शेजारणीकडून साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम आणलं आणि खाली मान घालून बसली. मी तेव्हा दहावीत होते. ताई आता इथेच राहणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

नेमके त्याच उन्हाळ्यात ते पिक्चर आले.

केबल येऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. दुपारच्या पिक्चरात गाणं लागलं की गल्लीतल्या सुना पाणी आणायच्या निमित्ताने उठायच्या, कारण सासरे खाटेवर बसलेले असायचे. काही जणींचा अर्धा पिक्चर पाण्याच्या माठापाशीच जायचा. अशात एक माणूस टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेटींची पेटी घेऊन आला. मूळचा नगरकडचा, ख्रिस्ती, पांढरा शर्ट, बोलायला फार मऊ. आमच्याकडे कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असायची. त्या दिवशी एका बंद पडलेल्या लूमच्या गाळ्यात त्याने दुपारी पिक्चर लावला. पहिल्या वेळी डझनभर बायका गेल्या. त्या घरी आल्या त्या एकच गोष्ट सांगत, की एकदाही उठावं लागलं नाही. पुढच्या शुक्रवारी सासू, सून, सासरा, सगळे एकाच सतरंजीवर. त्यानंतर उन्हाळाभर गाळ्यात पाय ठेवायला जागा नसायची.

सगळ्यांत जास्त मागणी ज्या पिक्चरला होती, तो एका ट्रक ड्रायव्हरचा. हिंदीत. ड्रायव्हर पितो, बायकोला मारतो, घराबाहेर काढतो. ती त्याच्यासाठी प्रार्थना करते, परत येते आणि म्हणते, मी तुम्हाला माफ केलं. मग तो गुडघ्यांवर पडून रडतो, बाटली फोडतो आणि शेवटी सगळे मिळून जेवतात. बस, एवढंच. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही रडू आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मी घरी येऊन भात खाल्ला आणि विसरले. आमच्या बायकांनी मात्र त्याचं व्रत केलं.

हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. शेजारच्या काकूंनी ठरवून टाकलं की शुक्रवारची कहाणी आहे, म्हणजे तिला फळ असणार. पाच शुक्रवार अख्खा पिक्चर बघायचा, मध्ये उठायचं नाही, सकाळपासून पिक्चर संपेपर्यंत तोंडात पाणी घ्यायचं नाही आणि पाचव्या शुक्रवारी उद्यापन. बायका नारळ घेऊन जायला लागल्या. टीव्हीच्या कपाळावर, म्हणजे वरच्या कडेवर, कुंकू लागलं. तो बिचारा पिक्चरवाला हात जोडून सांगायचा, "मावशी, हे व्रत नाही हो. मनात बदल व्हावा, एवढंच." काकू मान डोलावायच्या आणि व्हीसीआरलाही एक बोट कुंकू लावायच्या. गर्दी वाढत होती, म्हणून त्यानेही फार ताणलं नाही.

आईने ते व्रत ताईसाठी धरलं. मी तिला विचारलं, की पिक्चरमधल्या बाईने माफ केलं ते ठीक, पण मारलं कुणी होतं? तिने मला फुंकणीने टोला दिला. एकदा मी पिक्चरवाल्यालाच गाठलं. म्हटलं, "दादा, तो ड्रायव्हर पुढच्या महिन्यात परत प्याला तर?" तो हसला. "तो मनापासून बदललाय ना, ताई." मी म्हटलं, मग मनापासून कसं ओळखायचं तेही दाखवा की एखाद्या पिक्चरमध्ये. यावर तो कॅसेट पुसत राहिला.

पाचव्या शुक्रवारी आप्पा इच्छापोरला जाऊन जावईबापूंना जेवायला घेऊन आले. ताईला कुणी विचारलं नाही. तिला कळलं तेव्हा तो दारात चपला काढत होता. आई सोडून बाकीच्यांची जेवणं उरकून सगळी वरात गाळ्यात. त्याला पुढे बसवलं, मध्ये आप्पा, आणि ताई बायकांमध्ये. ड्रायव्हर गुडघ्यांवर पडला आणि आमचे जावईबापू हुंदके देऊन रडायला लागले. अख्खा गाळा वाकून, उंच होऊन त्यांना बघत होता, टीव्हीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मग ते उठले, बायकांच्या रांगेत शिरले आणि सगळ्यांसमोर ताईपुढे हात जोडून उभे राहिले. बायका पदरात तोंड खुपसून रडत होत्या. आई ताईच्या कानाशी म्हणत होती, "दख, रडना तो. मरद मानूस आसा रडस का?" ताई माझ्याकडे बघत होती. मी नाही नाही अशी मान हलवत होते, पण दहावीतल्या पोरीच्या मानेला कोण विचारतं? कुणीतरी मागून म्हणालं, बोल बाई, बोल एकदाचं. ती जे बोलली ते मला ऐकूही आलं नाही, इतका गलका झाला.

त्याच संध्याकाळी ती गेली. आईने उद्यापनाचा नारळ तिच्या ओटीत घातला.

मग ताईची गोष्ट पिक्चरपेक्षा जास्त चालली. गाळा पुरेना म्हणून पिक्चरवाल्याने मैदानात पडदा बांधला. त्याला पाठवणाऱ्या ख्रिस्ती संस्थेकडून पडद्यावर दाखवायचं मोठं मशीन आलं आणि बारडोलीकडूनसुद्धा कुणाचे कुणाचे पाहुणे यायला लागले. पिक्चर सुरू होण्याआधी तो माइकवर सांगायचा, की याच गल्लीतल्या एका बहिणीचा संसार असा सावरला. नाव घेत नसे, पण सगळे आमच्या घराकडे बोट करायचे. आईला हळदीकुंकवाची बोलावणी वाढली. आप्पांना चहाच्या टपरीवर लोक जावयाबद्दल विचारायचे आणि आप्पा खूश व्हायचे. मला त्या माणसांची तोंडं बघवत नसत.

पावसाळा संपता संपता ताई एकटी, सिटी बसने, उजवा हात ओढणीत बांधून आली. हाड मोडून बरेच दिवस झाले होते. तो तिला दवाखान्यात घेऊनच गेला नव्हता. सरकारी इस्पितळात प्लास्टर घातलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता सरळ होणार नाही. आई विचारत होती, पण तो रडला होता, माफी मागितली होती, मग असं कसं झालं? तेव्हा ताई म्हणाली, "पहिले मारीसन झोपी जाये. आते मारस, मंग रडस, हात जोडस. मी माफ करं आसं म्हनत नही तवलोंग माले झोपू देस नही."

म्हणजे आधी नुसता मार होता. आता मारही होता आणि वर माफी द्यायची कामगिरीही होती. हे त्याला कुणी शिकवलं? तो नुसता मारकुटा होता, आम्ही त्याला रडून दाखवायला शिकवलं. मी पिक्चरवाल्याला हे सगळं मैदानात जाऊन सांगितलं. तो खाली बसला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, आता तुम्ही तरी रडू नका. त्यानंतर त्याने माइकवर ताईची गोष्ट सांगणं बंद केलं. पिक्चर मात्र तोच लावला, कारण लोक तोच मागत होते. तो वाईट माणूस नव्हता, आणि याचाच मला जास्त राग येतो. वाईट माणसाला निदान शिव्या तरी देता येतात.

आठवड्याभराने जावईबापू आले. आत नाही आले, पायरीवर बसले, डोकं दाराच्या चौकटीला टेकवलं आणि सुरू झाले. भर दुपारी गल्ली गोळा झाली. कुणी पोरगं काखेत घेऊन, कुणी पिठाचे हात घेऊन. मैदानात बसायच्या तशाच बायका अर्धवर्तुळ करून उभ्या राहिल्या आणि पुढचं काय होणार ते सगळ्यांना पाठ होतं. काकू म्हणाल्या, दे बाई माफी, देव बघतो आहे. आप्पा भिंतीला टेकून उभे. ताई आतून आली. तिने नवऱ्याकडे नाही, बायकांकडे पाहिलं.

"तुमले यानं रडनं दिखस," ती म्हणाली. "मना हात कसा मोडना, हाई कोणी इचारं का?"

 मग ती त्याला म्हणाली, "मी तुले माफ करं नही." आणि दार लावून घेतलं. तो बराच वेळ बाहेर होता. बायका हळूहळू पांगल्या. बाहेरून ऐकू येत होतं, की नवऱ्याला अरे-तुरे केलं, तो एवढा रडत होता आणि हिला पाझर फुटला नाही.

ताई परत गेली नाही. गल्लीतलं कुणी तिच्याशी बोलेना. ताईच्या लग्नापासून दोन वर्षं मारणाऱ्याशी सगळे नीट बोलत होते, आणि जिने माफ केलं नाही तिच्यासाठी दारं बंद. नळावर ती गेली की बायका आपल्या कळशा बाजूला घ्यायच्या. दिवाळीपर्यंत हळूहळू निवळलं. आप्पाही बोलायला लागले. सर्वांत उशिरा आई बोलली, आणि तीही ताईशी नाही, माझ्याशी, ताई ऐकत असताना.

"पाच शुक्रवार मी पानी बी नही पिनू," ती म्हणाली. "आनि हिले एक शबद बोलता ऊना नही?"

ताई शेजारीच बसली होती, डाव्या हाताने साडीवर टिकल्या चिकटवत.