लाल दोऱ्याची बाटली

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचे हात आधीच्या एका घरात ॲसिडने सोलून निघाले होते. पहिल्याच दिवशी भांडी घासताना त्यांनी बोटं आखडून घेतली, आणि त्याच आठवड्यात मी दुकानातली सगळी क्लीनर्स बंद केली. देवराज मोहल्ल्यातल्या बाजारातून किलोभर रिठे आणले. भिजवून, उकळून, गाळलेलं त्याचं पाणी बाथरूमच्या फरशीला. कूर्गच्या संत्र्यांची सालं, गूळ आणि पाणी डब्यात तीन महिने मुरवलं. ते आंबट पाणी कमोडला आणि नळांवरच्या डागांना. डब्याचं झाकण रोज सैल करायचं, हेसुद्धा फ्रिजवर लावलेल्या माझ्या कामांच्या यादीत होतं. दोन पांढऱ्या बाटल्या भरल्या आणि त्यांवर स्वच्छ अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. मराठीत.

म्हैसुरात इतकी वर्षं काढूनही, बाईंना वाचता येतं ते कन्नड, हे मला सुचलं नाही. त्यांनीही ते बोलून दाखवलं नाही. ओळखू याव्यात म्हणून त्यांनीच रिठ्याच्या बाटलीला लाल दोरा बांधला, सालांच्या बाटलीला हिरवा. दोन महिन्यांत त्यांच्या बोटांवर नवी कातडी आली.

नवरा मात्र या पाण्याला 'तुझं सरबत' म्हणायचा. एका रविवारी त्याने ब्लीच आणलं. त्या बाटलीचं झाकण फुटकं निघालं, म्हणून त्याने ते माझ्या रिकाम्या बाटलीत ओतलं. लाल दोऱ्याच्या. मला सांगितलं नाही. बाईंना तर नाहीच.

सोमवारी बाईंनी लाल दोऱ्याची बाटली फरशीवर ओतली, आणि नळाखालच्या डागांसाठी त्यावरच हिरव्याची. ब्लीचवर आंबट पाणी पडलं की विषारी वायू सुटतो. त्या खोकत, भिंत धरत बाहेर आल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्यांना बाल्कनीत बसवलं, मग दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दार उघडं होतं म्हणून वाचल्या.

मी घरी परत आल्यावर नवरा म्हणाला, "पण बाटलीवर चिठ्ठी आहे ना तुझी?"

"आहे. रिठा लिहिलंय. तुला मराठी येतं ना?"

"अगं, एवढा उग्र वास असतो. त्यांनी हुंगायचं तरी."

मी ताट आपटलं. इतकी वर्षं लोकांच्या संडासांत ॲसिड ओतून बाईंना वास येईनासा झाला आहे. हे मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं. चहा उतू जाऊन करपला तरी त्यांना कळत नाही म्हणून तोच हसला होता.

चार दिवसांनी बाई आल्या. मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "परवागिल्ला अक्का." असू दे. मला ते असू द्यायचं नव्हतं. ब्लीच गेलं, चिठ्ठ्या कन्नडमध्ये झाल्या, त्यांनीच वाचून तपासल्या.

तरीही आता त्या रोज बाथरूमपाशी थांबतात, झाकण काढतात आणि बाटली माझ्यापुढे धरतात. "अक्का, तुम्ही हुंगा."

ज्या हातांसाठी हे सगळं केलं, ते हात बरे आहेत. भरवसा गेला. मी बाटली घेते, पेपर वाचणाऱ्या नवऱ्याच्या नाकाखाली नेऊन धरते, आणि तो हुंगून बाईंना स्वतः "सरी आहे", म्हणजे ठीक आहे, असं म्हणेपर्यंत हलत नाही.