ऑर्मरॉड साहेबांचं मध्यंतर

क्लाइव्ह ऑर्मरॉडला ऑपेरातलं ओ की ठो कळत नसे. त्याचं बाथरूमच्या टाइल्सचं दुकान होतं, आणि हातात पैसा खेळू लागल्यावर बडे लोक करतात ते आपणही करायचं, एवढंच त्याला कळे. म्हणून दर उन्हाळ्यात तो हॅझलडीन हाउसच्या ऑपेराला जाई. टेबल उचलायला कुणीतरी हवं, म्हणून शेजारधर्माने मलाही नेई. तिकीट त्याचं, पाठ माझी.

भर दुपारी काळे सूट चढवून आम्ही हिरवळीवर हजर. लांबलचक मध्यंतरात तिथेच बसून जेवायचं, अशी हॅझलडीनची रीत. तळ्याकाठच्या देवदाराखालची जागा म्हणजे क्लाइव्हची वतनदारी! तिथे टेबल, कडक इस्त्रीचा टेबलक्लॉथ, वर चांदीच्या शमादानात मेणबत्त्या. लख्ख उन्हात मेणबत्त्या! आसपास सतरंजीवर बसून डबा खाणाऱ्यांकडे तो असा बघे, जणू ते चिखलाच्या बुटांनी त्याच्या दुकानात शिरलेत.

आत पडदा उघडायचा अवकाश, याची मान छातीवर. बायको ईनिड मात्र कान देऊन ऐके. पण तिला पहिला भाग संपायच्या आत उठावं लागे. साहेब बाहेर येतील तेव्हा सामन मासा वाढलेला हवा, शॅम्पेन गार हवी. इतकी वर्षं हेच. शेवटी कोण मरतं ते तिला ठाऊक असे. का मरतं, ते कधी कळलंच नाही.

त्या वर्षी रंगमंचावर एक बाई दर्यावर निघालेल्या नवऱ्याला निरोप देत होती. नेमकी तेव्हाच क्लाइव्हला जाग आली. त्याने ईनिडला कोपराने ढोसलं.

"ऊठ की. कधी मांडणार सगळं?"

ती हलली नाही.

"अगं, ऐकू येत नाही का?"

"येतंय. पहिल्यांदाच येतंय. गप्प बस."

मागून कुणीतरी "श्श!" केलं. क्लाइव्हचे कान लाल झाले.

मध्यंतरात बाहेर येतो तो टेबल रिकामं, बर्फाचं पाणी झालेलं, आणि देवदाराच्या सावलीत दोन बायका चादर पसरून बसलेल्या. त्यातली मॉड ट्रँटर ही निवृत्त शाळामास्तरीण उकडलेली अंडी सोलत होती.

"बाई, ही आमची जागा आहे," क्लाइव्ह गुरकावला.

"मग बसा की! हिरवळ काय झिजतेय?"

ईनिड खरंच बसली. तिचे डोळे सुजले होते. "त्या बाईला माहीत होतं का हो, तो परत येणार नाही ते?"

"माहीत होतं म्हणून तर गायली," मॉडने तिच्या हातावर अंडं ठेवलं.

"ईनिड, वाढ!"

"टोपली तिथे आहे. हात तुझे तुला आहेत."

क्लाइव्हने कोमट शॅम्पेनचं बूच उडवलं; अर्धी बाटली त्याच्याच सदऱ्यावर फेसाळली. मी तोंड फिरवून मॉडने पुढे केलेलं अंडं खाल्लं. बरोबर मीठही होतं.

पुढच्या वर्षी त्याने हॅझलडीन सोडलं. "दर्जा घसरला. आता ते गळे राहिले नाहीत," असं सांगत सुटला. ईनिड मॉडबरोबर बसने जाते आणि पडदा पडेपर्यंत जागची उठत नाही. क्लाइव्ह गोल्फ खेळतो. क्लबात ऑपेराचा विषय निघाला, की लोक अजूनही त्याचंच मत विचारतात.