बायच्या नावाची ताटली

आमच्या चाळीत कुत्रं पाळायची पद्धत नव्हती. खाली चौकात चार-दोन कुत्री असायची, ती सगळ्यांची होती आणि कुणाचीच नव्हती. त्यामुळे बाबा एका संध्याकाळी सुतळीला बांधून काहीतरी लांब पायांचं घेऊन जिना चढले, तेव्हा अख्खी गॅलरी बाहेर आली. निमुळतं तोंड, कमानीसारखी वर आलेली पाठ, मातकट रंग, आणि छातीखाली पोट असं आत गेलेलं की ते आहे की नाही असा प्रश्न पडावा. बरगड्या एकूण एक दिसत होत्या. शेपूट मागच्या पायांत घातलेली आणि अंगभर थरथर. आईने दारातच कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, आता हे काय नवीन?

ते साहेबाचं कुत्रं होतं. बाबा ज्या कारखान्यात होते त्याला टाळं लागून बरेच महिने झाले होते. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची ती वर्षं. भांडुपमध्ये तेव्हा कुणाची नोकरी गेली हे विचारण्यापेक्षा कुणाची राहिली हे विचारणं सोपं होतं. कारखान्याच्या आवारातच मॅनेजरसाहेबांचा बंगला होता. साहेब एके दिवशी सामानसुमान भरून निघून गेले. त्यांच्याकडे या कुत्र्यांची जोडी होती. नर गाडीत चढला, मादी गडबडीत कुठेतरी पळाली ती मागेच राहिली आणि गेटपाशी भटकायला लागली. गेटवर बाबा आणि त्यांचे सोबती रोज बसायचे. राग साहेबावरचा, पण साहेब काही हाताशी नव्हता, म्हणून कुणी ना कुणी तिला दगड मारायचं. एकदा दगड चांगलाच लागला. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती बाबांच्या पायांमागे येऊन उभी राहिली. सोबती म्हणाले, मालकाचं कुत्रं पोसतोस काय, उद्या मालकालाही पोस. बाबा म्हणाले, टाळं काय तिने लावलं? आणि तिला घरी घेऊन आले.

बंगल्याच्या माळ्याने बाबांना तिची जात सांगितली होती. व्हिपेट. बाबांच्या तोंडात ते 'विपेट' झालं आणि चाळभर पसरलं. आता हिंदी काय, सगळ्यांनाच येत होतं. पेट म्हणजे पोट. नावात पेट आणि अंगात पत्ता नाही म्हणून पोरांनी तिला 'बिनपोटी' करून टाकलं. आईने पहिले दोन दिवस तिच्याकडे पाहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी 'सरक गो बाय' म्हणाली, कोकणात लेकीबाळींना म्हणतात तसं, आणि तेच नाव पडलं.

बाय भुंकायची नाही. भिकारी आला, पोस्टमन आला, मांजर आलं, हिचं आपलं बघणं चालू. उघड्या फरशीवर बसायची नाही. हाडं टोचत असावीत. आमची एकच खाट, ती तिने पहिल्या आठवड्यातच ताब्यात घेतली. रात्री माझ्या गोधडीत नाकाने वाट काढत शिरायची आणि पायांशी गोल होऊन झोपायची. साहेबाच्या घरी गाद्या असतील, बाईसाहेबांना गोधडी चालते हे नशीब, असं आई म्हणायची, आणि पहाटे गार पडलं की स्वतः पांघरलेलं जुनं लुगडं काढून तिच्यावर टाकायची.

बाबांना मात्र तिने वेड लावलं. सकाळी गेटवर जाण्याआधी ते तिला घेऊन रेल्वेलाइन ओलांडून मिठागरांकडे जायचे. मी एकदा सोबत गेले होते. बाबांनी सुतळी सोडली आणि ती बांधावरून जी सुटली, की बघता बघता दुसऱ्या टोकाला ठिपका झाली. चारही पाय जमिनीला लागतच नव्हते. बाबा हसत होते. टाळं लागल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून मी बायकडे कमी आणि बाबांकडेच जास्त बघत राहिले.

पण चाळ मिठागरावर येत नव्हती. चाळीला दिसायच्या त्या बरगड्या. शेजारच्या काकी एकदम फटकळ. काकांची सरकारी नोकरी, एकुलती एक मुलगी, ती माझ्याच वर्गात, नववीत. एक दिवस नळावर सगळ्यांदेखत काकींनी आईला विचारलं, "काय गं, त्या मुक्या जिवाला खायला घालता की नाही?" आईने सांगून बघितलं की अहो, जातच तशी आहे, कितीही घाला, अंगाला लागत नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. टाळेबंदीच्या घरातून आलेलं हे उत्तर, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? आई हंडा अर्धाच भरून घरी आली.

खरं सांगायचं तर बायचं आमच्यापेक्षा बरं चाललं होतं. मच्छीवाल्या मावशी बाबांच्या ओळखीच्या, त्या तिला डोकी-बिकी टाकायच्या. घरात मात्र पेज. सकाळी पेज, रात्री पेज, कधी सोबत सुकटीची चटणी, कधी नुसतं मीठ. आईने हे बाहेर कळू दिलं नव्हतं. जेवणाच्या वेळेला ती मुद्दाम रिकाम्या तव्यावर कालथा आपटायची. मला त्या आवाजाची इतकी लाज वाटायची की मी पुस्तक घेऊन संडासाच्या बाजूला जाऊन उभी राहायचे.

नळावरच्या त्या दिवसानंतर काकी शिळ्या पोळ्या घेऊन आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. कुत्र्याला घाल, एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. दारावर शिळी पोळी कुणाला देतात हे आम्हाला काय माहीत नव्हतं? आईचा चेहरा पडला. मला वाटलं ती तो पुडा खाली भिरकावणार. तिने दार लोटलं, पुडा उघडला, पोळ्या हातात धरून बराच वेळ उभी राहिली. मग एक पोळी मोडून बायला घातली. उरलेल्या कुस्करल्या, कांद्यावर परतल्या, हळद घातली आणि माझ्यापुढे ठेवल्या. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मी खाल्लं. चव अजून आठवते आणि चांगली होती हीच तर पंचाईत.

बाबांपासून तिने आठवडाभर लपवलं. मग एकदा ते लवकर आले आणि ताटात बघून सगळं समजले. मला वाटलं आता घरात महाभारत. ते भिंतीला टेकून बसले. नंतर म्हणाले, "तिच्या नावाने आलंय, तर पहिला घास तिचा." त्या दिवसापासून तसंच. पहिला तुकडा बायला, मग आमचं.

आमचं पितळ उघडं पडलं ते आईच्या एका सवयीमुळे. वर्तमानपत्र होतं तोवर ठीक होतं. मग एकदा काकींनी ताटलीतून भात आणि आमटी आणली. ताटली घासून परत द्यायची तर आईने मला हाक मारली आणि गॅलरीतल्या डब्यातल्या झाडाची कढीपत्त्याची डहाळी तोडून आणायला सांगितली. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. साखर ठेवायची, एखादं फळ ठेवायचं, काही नाही तर कढीपत्ता. माझं डोकंच फिरलं. मी दबक्या आवाजात तिच्यावर ओरडले, "अगं, कुत्र्याचं ताट भरून परत देतं का कुणी? कळेल ना त्यांना!"

आईचा हात थांबला. तिला हे सुचलंच नव्हतं. तिचे कान लाल झालेले मी पाहिले. पण तिने डहाळी ताटलीत ठेवलीच. "रिकामी ताटली माझ्याच्यानं देववत नाही गो," म्हणाली.

ताटली घेऊन मीच गेले. काकींनी आधी डहाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उलट्या पावली घरी पळाले. मनात म्हटलं, वाट लागली. आता उद्या नळावर तमाशा. पण नळावर काही झालं नाही. उलट काकींची कुत्र्याविषयीची कटकट त्या दिवसापासून बंद झाली, आणि ताटली मात्र रोज यायला लागली. त्यात शिळं नसायचं. गरम भात असायचा, वर वाटीत डाळ, कधी बांगड्याची तुकडी, काटे काढलेली. कुत्र्यासाठी बांगड्याचे काटे कोण काढतं? तरीही त्या दारात उभ्या राहून बायकडे बघूनच म्हणायच्या, बायसाठी थोडं आणलंय. आईही बायकडे बघूनच म्हणायची, कशाला उगाच. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत. मधे बाय उभी असायची, थरथरत, बरगड्या दाखवत. तिच्या त्या बरगड्यांच्या आडोशाला आम्ही जेवत होतो.

काकींनी मुलीला काही सांगितलं नव्हतं हे मला होळीनंतर समजलं. होळीला ताटलीत तूप सोडलेल्या पुरणपोळ्या आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने चार मुलींसमोर मला विचारलं, काय गं, आमची पुरणपोळी तुझ्या बिनपोटीने खाल्ली का? तिच्या मनात काही नव्हतं, साधं विचारलं होतं. मी म्हटलं, हो, मिटक्या मारत खाल्ली. सगळ्या हसल्या, मीही हसले. आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. घरी गेले तर बाय शेपूट हलवत पुढे आली. मी तिला पायाने ढकललं. ती खाटेखाली जाऊन बसली आणि मी तिच्याशेजारी जमिनीवर पालथी पडून रडले.

पावसाळ्याच्या आधी साहेबाची गाडी आली. साहेब नव्हते, ड्रायव्हर होता. बाईसाहेब पुण्याला स्थायिक झाल्या होत्या, माळ्याकडून त्यांना पत्ता लागला होता, त्यांना त्यांची कुत्री परत हवी होती. गॅलरी पुन्हा बाहेर आली. बाबा म्हणाले, दगड खात होती तेव्हा कुठे होत्या बाईसाहेब? पण आवाजात जोर नव्हता. बायने ड्रायव्हरला ओळखलं, त्याच्या पायाला घासून घेतलं. ड्रायव्हर भला माणूस. त्याने खाली बसून तिच्या अंगावरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आमचं कौतुक केलं. "छान ठेवलीत हो. अगदी होती तश्शी आहे. तिकडे रोज मटण खायची, तरी अशीच. ही जातच हाडाची."

मी काकींकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलंच. त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. आता चाळीतल्या प्रत्येकाला कळलं होतं की कुत्रं कधीच उपाशी नव्हतं. मग एवढे महिने त्या घरात ताटली कुणासाठी जात होती, हा हिशोब कुणीही करू शकत होतं. आईने पदर ओढून घेतला आणि आत गेली. बाबांनी सुतळी सोडली. बाय गाडीत चढताना मागे वळून बघेल असं मला वाटलं होतं. ती चढली आणि सीटवर गोल होऊन बसली.

दुसऱ्या दिवशी बाबा सवयीने मिठागराकडे निघाले, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. मग दिवसभर खाटेवर बसून राहिले. आई चुलीपाशी. तिने तवा आपटला नाही. आता काय उपयोग? मला बाहेर जायची सोय राहिली नव्हती. दारातून कुणी गेलं तरी ते आमच्याविषयीच बोलतंय असं वाटायचं. ताटली येणार नाही हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं, आणि खरं सांगते, लाज वाटत असूनही मी तिचीच वाट बघत होते. त्या वाट बघण्याची लाज सगळ्यांत जास्त वाटली.

संध्याकाळी दार वाजलं. काकी उभ्या होत्या, हातात झाकलेली ताटली. त्यांची नजर दाराजवळच्या त्या जागेकडे होती, जिथे बाय उभी राहायची.

"बायसाठी थोडं आणलंय," त्या म्हणाल्या.

आई उठली. पदराला हात पुसले. मला वाटलं ही आता रडणार.

"ती फिरायला गेलीय, ह्यांच्याबरोबर," आई म्हणाली. "आली की घालते."

बाबा तिथेच खाटेवर बसले होते. काकींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ताटली आईच्या हातात दिली आणि गेल्या.

आम्ही जेवायला बसलो. बाबांनी पहिला घास बाजूला काढून ठेवला, बायच्या जागी, फरशीवर. जेवण झाल्यावर आईने ताटली घासली. तिने मला हाक मारायच्या आधीच मी गॅलरीत जाऊन कढीपत्त्याची डहाळी तोडली, ताटलीत ठेवली आणि शेजारी गेले. दार काकींनीच उघडलं. मागे त्यांची मुलगी अभ्यास करत बसली होती. काकींनी ताटली घेतली, डहाळी उचलून पदरात ठेवली आणि विचारलं, "खाल्लं का गं तिने?"

"हो काकी," मी म्हटलं. "पोटभर."