उतरायची जागा

साठीनंतरही मला सायकल चालवणं जमतं. जमत नाही ते उतरणं. गुडघा वेळेवर वळत नाही, म्हणून पाय टेकायला उंच फूटपाथ लागतो. बागेभोवतीच्या रस्त्याला तो होता. आज पहिली फेरी मारली आणि पाहते तर सगळा उखडून ठेवलेला!

पुढे कानटोपी घातलेले, माझ्याच वयाचे एक गृहस्थ सायकलवर होते. त्यांची मान सारखी कडेला वळत होती. दुसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं, हेही पाय टेकायला जागा शोधताहेत. बाकावरचे लोक कौतुकानं बघत होते. त्यांना काय ठाऊक, आम्हाला थांबताच येत नव्हतं! लेकीचं ऐकून घरी बसले असते तर ही धाकधूक नसती. पण बसलं की उठायची भीती असतेच, आणि घरात हा वारा नसतो.

"तुम्ही कुठे उतरता हो?" मी जवळ पोचताच त्यांनी विचारलं.

"वळणावर दूधकेंद्राची पायरी आहे!"

त्यांनी ती गाठली, पाय टेकला आणि सायकल धरून तिथेच धापा टाकत उभे राहिले. "या, या," म्हणाले. पण पायरी एवढीशी, माझ्या पायाला जागाच उरली नव्हती. मी पुन्हा बागेला वळसा घातला.

घरी लेकीनं विचारलं, "आज उशीर झाला गं?"

"मजा येत होती," मी म्हटलं, "एक फेरी जास्त मारली."