तिसऱ्या गावाचा ठराव

मी आमच्या नगरपरिषदेत वीज विभागाचा कनिष्ठ अभियंता होतो. पाथर्डीच्या बाजूला एका लहान शहरात माझ्यासारखंच काम करणारे एक ओव्हरसीअर होते. वयानं वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. कल्पना त्यांचीच: शेजारच्या तीन नगरपरिषदांनी मिळून सौर प्रकल्पाकडून ठोक भावानं वीज घ्यायची आणि पाण्याचे पंप तिच्यावर चालवायचे. "एकट्याला कुनी इचारत न्हाई," ते म्हणायचे. "तिघं मिळून गेलो तर खुर्ची देत्याल."

पंपांचं वीजबिल परवडत नसल्यानं त्यांच्या गावाला आठ दिवसांनी पाणी यायचं. वर्षभर ते एसटीनं तिन्ही गावं फिरले. दोन ठिकाणी ठराव झाला. राहिलो आम्ही.

सभेत एक सदस्य म्हणाले, "आपल्याला पाणी येतंय ना वेळेवर? मग दुसऱ्यांचं लचांड गळ्यात कशाला?" हशा पिकला. नगराध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. "साहेब, तुमचं मत?"

उत्तरं होती माझ्याकडं. काकांनी ती माझ्याकडून घोटून घेतली होती. मी म्हणालो, "सभा ठरवेल ते."

ठराव पडला. दोनच गावं उरल्यावर मागणी कमी पडली आणि प्रकल्पवाल्यांनी त्यांनाही नकार कळवला.

सभेत काय झालं ते फोनवर सांगवेना, म्हणून रविवारी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा दिला. काकांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "तुमी बोल्लात ना?"

"खूप बोललो, काका."

"मंग झालं. तुमी तरी काय करनार?" त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो मला सोसवेना.

स्टँडवर सोडायला निघाले, तर गल्लीतल्या एका बाईनं अडवलं. "सायेब, दिवाळीपासून दिवसाआड पानी येनार हुतं न्हवं?"

"न्हाई जमलं, ताई. मीच कमी पडलो."

मी शेजारीच उभा होतो.

पुढं ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला आग्रहानं बोलावलं होतं; मी कामाचं निमित्त सांगून टाळलं.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. मला कळलं तोवर दहावाही उरकला होता. निदान काकूंना खरं सांगावं, असं ठरवून गेलो. त्या टँकरपाशी रांगेत होत्या. त्यांचे दोन हंडे मी घरात आणून ठेवले, बराच वेळ बसलो, आणि काही न सांगताच परत आलो.