बर्फात ठेवलेली नळी

१९८४ साली मी अंधेरीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिशेबाचं काम पाहत होतो. वर्सोव्याची पार्वती आमच्या गल्लीत मासळी विकायची. तिशीची, खणखणीत आवाजाची. कोणी फार घासाघीस केली तर म्हणायची, "मग सोता जाल टाक नं!"

वर्षभर तिला अंगावरून पांढरं जात होतं. खाज, आग. तुरटीच्या पाण्याने धुऊन त्रास आणखी वाढला. ती नवऱ्याला, अनंताला, जवळ येऊ देईना. सासू सरूबाईने शेवटी बजावलं: डॉक्टरने रोग आहे असं लिहून दिलं तर औषध करू, नाहीतर ही सोंगं आहेत, माहेरी मढला चालती हो.

वर्सोव्याच्या दवाखान्यातल्या नर्सने स्राव काचेच्या नळीत घेतला आणि तडक आमच्या लॅबमध्ये पोचवायला सांगितला. पार्वतीने नळी पाटीतल्या बर्फात, बोंबलांशेजारी खोचली. सूक्ष्मदर्शकाखाली आमच्या डॉ. मीराबाईंना काहीच हलताना दिसलं नाही. 'जंतू आढळले नाहीत', असा रिपोर्ट गेला.

दुसऱ्या दिवशी ती सुजलेल्या डोळ्यांनी कागद घेऊन परत आली.

"नळी आणलीस कशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"बरफात. उन्हात नासवायला मी काय येडी हाय?"

"अगं, ती मासळी आहे का! हे जंतू वळवळताना दिसले तरच ओळखू येतात. गारठ्याने निपचित पडले ते."

त्यांनी तिथेच पडद्याआड नवा नमुना घेऊन लगेच पाहिला. जंतू सापडले. "आणि तुरटी बंद कर," त्या म्हणाल्या. "आत राखण करणारे चांगले जंतूही असतात, त्यांनाच मारते आहेस."

"म्हणजे रोग हाय?" पार्वती हसलीच. "लिवून द्या, बाई!"

"देते. पण नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतील. हा रोग दोघांत फिरतो."

पार्वती नवा कागद घेऊन निघाली.

घरी अनंताने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. "काल नव्हता, मग आज कुठून आला? कोणाकडून आणलास?" ती बर्फाचं सांगत राहिली, तो हसला. डॉक्टरांनी त्याला दोनदा निरोप धाडला. तो आला नाही.

पुढच्या महिन्यात गल्लीत सरूबाई मासळी घेऊन आली. मी सुनेची चौकशी केली.

"मढला. होडीत बसवून दिली."

"औषध तरी चालू आहे ना तिचं?"

"सायेब, पापलेट घेतोस का जाऊ?"