झेंड्याचा दावा

“झेंडा आमच्या घरात पायजे. बाकी कायबी नको,” सोपानराव म्हणाले आणि हाताची घडी घालून बसले.

साताऱ्याच्या कोर्टातली मध्यस्थीची खोली. टेबलाच्या एका बाजूला सोपानराव, स्वतः फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. समोर त्यांची सून अश्विनी. मध्ये मी. सोपानरावांचा मुलगा सचिन सीमेवर बर्फाचा कडा कोसळून गेला. त्याच्या शवपेटीवरचा तिरंगा अधिकाऱ्यांनी घडी करून अश्विनीच्या हातात दिला होता. काही वर्षांनी तिनं दुसरं लग्न केलं आणि ती सांगलीजवळ माधवनगरला राहायला गेली. तिरंगा सोबत नेला. तो परत मिळावा म्हणून सोपानरावांनी दावा लावला.

न्यायाधीशांनी सुनावणीआधी प्रकरण माझ्याकडं पाठवलं. मी वकील आहे, पण मध्यस्थ म्हणून बसते तेव्हा कुणाचीच वकील नसते. निकालही देत नाही. दोन्ही बाजूंना बोलतं करायचं, एवढंच काम.

“दुसऱ्याच्या घरात माझ्या पोराचा झेंडा?” सोपानराव म्हणाले.

“मामा, तो माझ्या हातात दिला होता,” अश्विनी म्हणाली.

सोपानरावांचे वकील घड्याळाकडं बघत होते. “मॅडम, सेटलमेंट होणार नाही. तसं लिहून टाका. आम्ही कोर्टात बघून घेतो.”

कायद्यानं अश्विनीची बाजू भक्कम आहे, असं माझं मत होतं. पण मध्यस्थानं मत द्यायचं नसतं. मी ‘कॉकस’ घ्यायचं ठरवलं. म्हणजे एकेकाला स्वतंत्र भेटायचं. तिथं ऐकलेलं त्या माणसाच्या परवानगीशिवाय दुसऱ्या बाजूला सांगता येत नाही. ही हकिगतसुद्धा मी दोन्ही घरांना विचारून, नावं बदलून सांगते आहे.

आधी अश्विनी. ती म्हणाली, “शेवटच्या फोनवर आम्ही भांडलो, मॅडम. त्याची सुट्टी मंजूर झालेली. ती त्यानं मित्राला दिली. मित्राच्या बायकोचे दिवस भरत आलेले म्हणून. मी चिडले, फोन कापला. पुन्हा लागलाच नाही. आता झेंडापण देऊन टाकू?”

तिला बाहेर सोडायला गेले, तर बाकावर एक बाई पदर सावरून बसलेल्या. सोपानरावांच्या पत्नी, हिराबाई. दाव्यात त्यांचं नाव नव्हतं, त्यामुळं त्यांना आत बोलवावं असं कुणालाच वाटलं नव्हतं. मलाही नाही. सोपानरावांना विचारून मी त्यांना आत घेतलं.

“झेंडा कुठं असावा, असं तुम्हाला वाटतं?”

“मला झेंड्याचं काय न्हाई, बाई. शेवटचा फोन अश्विनीला आला हुता. त्यो काय म्हणाला, ते तिनं मला कवा सांगितलंच न्हाई. माझं लेकरू भ्यालं हुतं का? मला हाक मारली का? सारखं त्येच मनात येतं.”

उत्तर मला माहीत होतं, निदान अर्धं. पण ते सांगायचा अधिकार मला नव्हता.

“हे तुम्ही तिलाच विचाराल?”

“ती बोलंल का माझ्यासंगं?”

मी अश्विनीकडं गेले. म्हटलं, सासूबाईंना तुम्हाला काही विचारायचंय, नको वाटलं तर उत्तर देऊ नका. तिनं होकारार्थी मान हलवली. दोन्ही बाजूंच्या वकिलांना मी बाहेर थांबवलं. सोपानराव आत आले, पण खिडकीकडं तोंड करून बसले.

हिराबाईंनी विचारलं. अश्विनीनं सगळं सांगितलं. सुट्टीचं, भांडणाचं, फोन कापल्याचं. शेवटी म्हणाली, “आत्या, त्यानं तुमचं नाव नाही घेतलं. खोटं कशाला सांगू?”

या बाईंचं आपण भलं करायला गेलो आणि उरलंसुरलंही काढून घेतलं, असं मला वाटलं.

“सुट्टीवरनं भांडत हुता?” हिराबाईंनी परत विचारलं.

“हो.”

“म्हंजे फुडं काय हुनार, त्याला कायबी ठावं नव्हतं.” त्यांनी खोल श्वास घेतला. “भ्याला नव्हता माझा.”

त्यांनी टेबलावरून हात लांब करून सुनेचं मनगट धरलं. तेव्हा अश्विनीला पहिल्यांदा रडू फुटलं. हिराबाई तिचा हात न सोडता नवऱ्याला म्हणाल्या, “आवं, झेंडा तिच्यापाशीच ऱ्हाऊ द्या.”

सोपानराव उठले. खिडकीपाशीच उभे राहिले. मला वाटलं, निघून जातील.

“कसर लागू देऊ नको,” ते बाहेर बघतच म्हणाले. “वर्षातनं एकदा ऊन दाखव त्याला.”

तडजोडीचा कागद वकिलांनी लिहिला, सोपानराव आणि अश्विनीनं सह्या केल्या. मध्यस्थानं कोर्टाला काय बोलणं झालं ते कळवायचं नसतं. तडजोड झाली, एवढंच मी लिहिलं. सोपानराव अजूनही सुनेशी बोलत नाहीत. हिराबाई बोलतात, फोनवर.

दाव्यात जे मागितलेलं असतं, त्यासाठीच माणसं भांडत असतात असं नाही. आणि ज्याचं सगळ्यात जास्त अडलेलं असतं, त्याचं नाव दाव्यात असतंच असंही नाही. हल्ली पहिल्या बैठकीला कागद उघडण्याआधी मी विचारते, “तुमच्यासोबत आणखी कोण आलंय?”